खेळांचा ‘संत तुकाराम’ कुठे आहे?

गेल्या मे महिन्यात माझी धाकटी बहीण भर उन्हात, वसई रोड स्टेशनाहून शेअर रिक्षा करून, गोखिवऱ्यात आमच्या घरी येऊन धडकली. सोबत तिचा मुलगा होता. चपला काढता काढताच तिने तक्रार मांडली. “दादा, आता तूच याला समजाव. बारावीला इतके चांगले मार्क मिळाले, आणि हा म्हणतो, इंजिनीअरिंग नको, मला व्हिडिओ गेम बनवायचेत! हे आठ दिवस त्याच्याशी बोललेले नाहीत.”

समजावण्याचे काम माझ्याकडे येण्याला एक कारण होते. आमच्या नातेवाइकांत ‘कलेतले कळणारा’ म्हणून माझा उगाचच लौकिक आहे. तरुणपणी मी दादरच्या प्रभात चित्र मंडळाचा सभासद होतो. ऑफिस सुटल्यावर जपानी आणि इटालियन चित्रपट पाहायचे, शेवटच्या गाडीने वसईला परतायचे आणि स्टेशनबाहेर काळोखात गोखिवऱ्याची रिक्षा शोधत फिरायचे, हा माझा एकेकाळचा क्रम. तेव्हा मी भाच्याला समोर बसवले आणि माझ्या मते बिनतोड असा प्रश्न टाकला.

“हे बघ, फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला 1913 साली. त्यानंतर अवघ्या 23 वर्षांत, 1936 साली, दामले-फत्तेलालांनी ‘संत तुकाराम’ दिला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसला त्याचा गौरव झाला. तुझे व्हिडिओ गेम निघाले 1972च्या सुमारास. पन्नास वर्षे उलटली. तुमचा ‘संत तुकाराम’ कुठे आहे?”

हा प्रश्न माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघाला, असे मला वाटत होते. भाच्याने शांतपणे सांगितले, की परदेशात हा वाद फार जुना आहे. तिथे ‘गेममधला सिटिझन केन कुठे आहे’ असे विचारतात. रॉजर एबर्ट या नामवंत अमेरिकन चित्रपट समीक्षकाने तर 2010 साली, व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकणार नाहीत, असे लिहून टाकले होते आणि त्यावरून मोठे रण माजले होते. उलट न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 2012 साली ‘पॅकमॅन’, ‘टेट्रिस’ यांच्यासह 14 गेम आपल्या संग्रहात दाखल करून घेतले. म्हणजे पंचांतच एकमत नाही!

आता ‘सिटिझन केन’चे म्हणाल, तर त्याची कथाही गमतीची आहे. 1941 साली तो आला तेव्हा धंद्यात नुकसान झाले. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने 1952 साली समीक्षकांचा पहिला कौल घेतला, तेव्हा पहिल्या दहांत त्याचे नाव नव्हते. पहिला आला ‘बायसिकल थीव्हज’. दहा वर्षांनी मात्र ‘केन’ अग्रस्थानी गेला आणि 2012पर्यंत तिथून हलला नाही. ‘केन’ पहिल्या दिवसापासूनच श्रेष्ठ ठरला होता, असे मीही समजून चाललो होतो. त्याला गादीवर बसवायला 21 वर्षे लागली.

आमच्या घरचा दाखला द्यायचा तर ‘संत तुकाराम’ हा माझ्या आजीने आयुष्यात थिएटरात जाऊन पाहिलेला एकमेव चित्रपट. ती म्हणे चपला बाहेर काढून आत गेली होती. तोवर सिनेमा म्हणजे वाह्यातपणा, अशीच घरची समजूत होती. सिनेमाला घराघरांत ही समजूत आधीपासून आडवी येत होती. फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही आणि शेवटी अण्णा साळुंके या उपाहारगृहातल्या स्वयंपाक्याला लुगडे नेसावे लागले, हे सर्वश्रुत आहे. विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामाने आमच्या घरात सिनेमाला जणू परवाना मिळवून दिला. पुढे मला दादरला जाऊन खुशाल इटालियन चित्रपट पाहता आले, त्याचे श्रेय काही अंशी त्या परवान्याला आहे.

म्हणून म्हणतो, अशा एखाद्या शिखरकृतीची गरज खेळणाऱ्यांना नसते. ती असते आमच्या भावोजींना. मुलगा काय करतो, असे कुणी विचारले तर मान खाली न घालता सांगता यावे, एवढीच बापाची मागणी असते, आणि ती काही अवाजवी नाही.

पण ही शिखरकृती ओळखायची कशी? इथे मी चुकलो होतो.

माझी व्हिडिओ गेमशी ओळख नव्वदच्या दशकातली. तेव्हा टीव्हीला जोडायचे डबे आले होते. कॅसेट चालेना झाली की तिच्या खाचेत फुंकर मारायची आणि पुन्हा खुपसायची. माझा मुलगा तासन् तास ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ खेळे आणि मी पाठीमागे पेपर वाचता वाचता अधूनमधून पडद्याकडे पाही. एक मिशीवाला उड्या मारतो आहे, यापलीकडे मला त्यात काही दिसले नाही. पुढच्या काळातले गेम तर सिनेमाची नक्कल करू लागले. पंधरा-पंधरा मिनिटे नुसते प्रसंग पाहत बसायचे, हात स्वस्थ. असला सिनेमा पाहायचा तर मी खराच पाहीन!

भाच्याने वाद घातला नाही. लॅपटॉप उघडून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, “मामा, तू हा खेळ. मग बोलू.”

खेळाचे नाव ‘पेपर्स, प्लीज’. लुकास पोप नावाच्या एकट्या माणसाने बनवलेला, 2013 सालचा. चित्रे ओबडधोबड, रंग मळकट. एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरच्या चौकीत तुम्ही कारकून असता. खिडकीसमोर रांग असते. पासपोर्ट घ्यायचा, तारीख, फोटो, शिक्का, परवाना ताडून पाहायचा आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. दिवसाअखेर, जितकी माणसे हातावेगळी केली त्या हिशेबाने पगार. चुकीच्या माणसाला आत सोडले तर मेमो. पहिले दोन नुसती ताकीद, पुढे पैसे कापतात. रात्री घरखर्चाचा कागद समोर येतो: भाडे, जेवण, शेगडीचे इंधन. घरात बायको, मुलगा, सासू आणि एक ‘अंकल’. हा काका की मामा, हे इंग्रजीला कोण विचारणार? मी त्याला मामाच धरला. पैसे पुरले नाहीत की कुणाला गारठा होतो, कुणी उपाशी राहते.

वाचकहो, माझी सगळी हयात एका कार्यालयात शिक्के मारण्यात गेली आहे. मला वाटले, हा खेळ आपल्या हातचा मळ!

मग एक गृहस्थ आला. कागदपत्रे चोख. हिरवा शिक्का घेऊन जाताना म्हणाला, मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा दयेने वागा. बायको पुढे आली. तिच्याकडे प्रवेशपत्र नव्हते. परत पाठवलेत तर मला मारून टाकतील, अशी गयावया करू लागली. माझे त्या दिवसाचे दोन्ही मेमो होऊन गेले होते. घरी मामा आजारी. मी लाल शिक्का उचलला आणि मारला.

ती गेली आणि मी लॅपटॉपवरून हात काढून घेतला.

असे घडण्याचे कारण खेळात अर्धेच होते. उरलेले अर्धे माझ्या नोकरीतले. एकदा जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटे असताना एक बाई मृत नवऱ्याच्या कागदांसाठी आली होती. एक दाखला कमी होता. साहेबांकडे नेले असते तर मार्ग निघाला असता, हे मला ठाऊक होते. “दाखला आणा, मग या,” म्हणून मी खिडकी लावून घेतली. ती पुन्हा आली नाही, निदान माझ्या खिडकीवर नाही. कारकुनी निर्दयतेवरचे कितीतरी चित्रपट मी मंडळात पाहिले, त्यावर तावातावाने बोललो. पण पडद्यावरचा कारकून नेहमी दुसराच कुणी असे. मी प्रेक्षक होतो आणि प्रेक्षक कायम त्या बाईच्या बाजूने असतो. इथे शिक्का माझ्या हातात होता आणि मी पुन्हा तेच केले.

सिनेमा मला हे कधीच करायला लावू शकला नसता. खेळाची थोरवी कुठे असेल तर ती या हातात आहे, आणि म्हणून मागे उभे राहून, खांद्यावरून डोकावून ती दिसायची नाही.

आपल्याकडे ही गोष्ट जुनी आहे खरे तर. सापशिडी म्हणजे मूळचा मोक्षपट; परंपरा त्याच्याशी ज्ञानेश्वरांचे नाव जोडते. पटावर शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. क्रोधाच्या घरात पडलात की घसरलात, आणि तेही स्वतःच्या हाताने टाकलेल्या दानामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडात गेला, पुढे त्यातला मोक्ष गळाला आणि साप तेवढे उरले. तेच साप मग छापील पुठ्ठ्यावर आपल्याकडे परत आले आणि आपण ते मुलांना सुट्टीत खेळायला दिले.

भाच्याने पुण्याचा ‘राजी’ही दाखवला. नॉडिंग हेड्स या पुण्याच्या छोट्या कंपनीने 2020 साली काढला. सर्कशीत काम करणारी मुलगी, असुरांनी पळवलेला धाकटा भाऊ, कथा सांगायला दुर्गा आणि विष्णू, भिंतींवर पहाडी शैलीची चित्रे. पदार्पणातल्या खेळांच्या जागतिक पारितोषिकासाठी त्याला नामांकनही मिळाले. दिसायला फार देखणा आहे. पण मला विचाराल तर त्याने माझे डोळे निववले, हाताला काही केले नाही. हे मी भाच्याला सांगितले, तर तो चक्क खुलला. म्हणाला, “मामा, घरात पहिल्यांदाच कुणीतरी गेमबद्दल असं बोलतंय.”

मला ते लागले. सिनेमाला वृत्तपत्रांतली परीक्षणे मिळाली, मंडळे मिळाली, 1964 साली पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय मिळाले, तरीही ‘राजा हरिश्चंद्र’ची संपूर्ण प्रत आज आपल्याकडे नाही. खेळांचे तर विचारूच नका. 2010पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे 2023 सालच्या एका पाहणीत दिसले. उद्या कुणी शिखरकृती शोधायला निघाला, तर ती खेळायला यंत्र कुठून आणणार? आमच्या माळ्यावर तो जुना डबा अजून आहे. मी काढून, पुसून, कॅसेटला फुंकर मारून पाहिली. नुसती मुंग्यांची खरखर.

संध्याकाळी भाच्याला घेऊन गोखिवऱ्याच्या तलावाकडे चक्कर मारली. वाटेत गाळ्यांची पाळी सुटत होती, रस्ताभर डबे घेतलेली माणसे. त्याला मी एवढेच विचारले, की तू कसला खेळ बनवणार? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “नाही माहीत अजून. पण तुझ्या त्या खिडकीवरच्या बाईचा बनवता येईल.” ती गोष्ट मी त्याला दुपारी सांगितली होती, बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

रात्री बहिणीचा फोन आला. “समजावलंस का रे त्याला?”

मी म्हटले, “भावोजींना रविवारी इकडे पाठव. एकटेच येऊ देत. आणि चष्मा आणायला सांग.”