गाळात काय दडलंय?

दिवाळीला इंदूरची आठवण काढायची, तर पॅट्रिक गेडिस यांचं नाव घ्यायलाच हवं. होळकर दरबारासाठी या नगररचनाकाराने १९१८ साली दोन खंडांचा अहवाल लिहिला. त्याआधी दिवाळीत शहरभर मिरवणूक काढून, प्लेगच्या उंदराचं सोंग नाचवून, त्याने लोकांना घरं-गल्ल्या झाडायला लावल्या होत्या.

स्वच्छतेची ती गोष्ट आता इंदूरच्या नद्यांपर्यंत आली आहे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी कान्ह आणि सरस्वती या नद्या एकत्र येतात. नाल्यांचं सांडपाणी अडवून कबीटखेडीच्या शुद्धीकरण केंद्राकडे वळवलं गेलं आणि २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरलं. हे काम मोठंच आहे. पण पाणी वाहून जातं, गाळ तिथेच बसतो. शिसं, जस्त, क्रोमियम, जळलेल्या डिझेलचे तेलकट अंश बारीक मातीला चिकटतात आणि वर्षानुवर्षं तळाशी राहतात.

एरवी तपासणी म्हणजे गाळ उपसायचा, आम्लात उकळायचा आणि त्यात धातू किती ते मोजायचं. हा आकडा अपुरा आहे. कोळशाचे कण भरपूर असलेला गाळ तेलकट विष घट्ट धरून ठेवतो; रेताड गाळ तेच विष सहज सोडतो. किड्यांच्या आणि माशांच्या अंगात जातं ते मुख्यतः मातीच्या कणांमधल्या पाण्यात मोकळं झालेलं विष. ते मोजायला पॅसिव्ह सॅम्पलर लागतो. याला पंप नको, वीज नको.

धातूंसाठी लँकेस्टर विद्यापीठाच्या विल्यम डेव्हिसन आणि हाओ झांग यांनी १९९४ मध्ये ‘डीजीटी’ची रीत मांडली. गाळासाठीची डीजीटी दिसते शाळेतल्या फूटपट्टीसारखी, त्याहून थोडी आखूड आणि रुंद. तिच्या लांबट खिडकीत जेलीचा पातळ थर असतो आणि त्यामागे धातू पकडणारं रेझिन. खोल गाळात प्राणवायू नसतो, म्हणून पट्टी आधी नायट्रोजनच्या बुडबुड्यांत ठेवून तिच्यातला प्राणवायू काढतात. मग ती गाळात उभी खुपसायची. दिवसभराने काढून रेझिनच्या थराचे आडवे काप तपासले की कोणत्या खोलीवर किती धातू मोकळा होतो ते कळतं.

तेलकट रसायनांसाठी तर साधी पॉलिथिनची फिल्म पुरते. चौकटीत ताणून ती काही आठवडे गाळात ठेवतात. त्याआधी तिच्यात ठरावीक खुणेची रसायनं मुरवलेली असतात. त्यातली किती निघून गेली यावरून बाहेरचं विष कितपत मुरलं याचा हिशेब लागतो. लॉस एंजेलिसजवळ पालोस वर्देसच्या समुद्रतळावर साचलेल्या डीडीटीचा माग अशाच फिल्मने काढला गेला.

कान्ह पुढे उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेला मिळते, आणि २०२८ मध्ये तिथे सिंहस्थ आहे. त्याआधी नदी साफ करताना यंत्राने गाळ ढवळला की सल्फाइडशी बांधलेले धातू हवेशी गाठ पडताच सुटे होऊ शकतात. म्हणून माझी विनंती आहे: उपसा करण्याआधी आणि नंतर छत्र्यांपाशी, कबीटखेडीच्या खाली, सांवेर रोडच्या कारखान्यांपुढे आणि त्रिवेणीच्या अलीकडे या पट्ट्या रोवा, आणि आलेले आकडे घाटावर फलक लावून लोकांना दाखवा.