सस्पेन्स खात्यातला शनिवार

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला एक शब्द कायमचा चिकटतो. सस्पेन्स. संध्याकाळी जमा आणि नावे यांचा मेळ बसेना, सगळी व्हाउचरं दोनदा चाळून झाली, शिपाई दिवे मालवायच्या घाईला आला, की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची आणि घरी जायचं. उद्या बघू. नोकरीतल्या बहुतेक 'उद्या बघू' मी दुसऱ्या दिवशी इमानेइतबारे बघितल्या. माणसांच्या बाबतीत मात्र ही शिस्त मला कधी जमली नाही.

२०२४ च्या डिसेंबरातला एक शनिवार. पहाटे पाचला कोथरूडहून गाडी काढली. शेजारी एक मित्र, मागे दुसरा. नावं सांगत नाही, कारण दोघेही ही पुरवणी वाचतात. शेजारच्याला आम्ही मास्तर म्हणतो, मागच्याला कॉम्रेड. शिरवळपर्यंत कोणी अवाक्षर काढलं नाही. खंबाटकीचा घाट चढताना मास्तर मला म्हणाला, "काच जरा वर घे." मागून कॉम्रेड मला म्हणाला, "राहू दे, गुदमरतंय." मी काच अर्धी घेतली. मी आयुष्यभर हेच करत आलो आहे.

आमची ओळख वाईची. १९८५ साली माझी बदली तिथल्या शाखेत झाली. कॉम्रेड त्याच शाखेत क्लार्क होता आणि मास्तर गावातल्या हायस्कुलात मराठी शिकवायचा. तिघांनी मिळून दोन खोल्या घेतल्या होत्या. मास्तरची संध्याकाळ विश्वकोशाच्या कार्यालयाच्या आसपास जायची, कॉम्रेडची युनियनच्या बैठकीत. ते दिवस संगणकाच्या धास्तीचे होते. रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४ साली आला होता आणि 'एक मशीन दहा माणसांच्या पोटावर पाय देणार' ही कॉम्रेडची गेटवरची घोषणा गणपती आळीपर्यंत ऐकू जायची. पुढे काही वर्षांनी शाखांमधून लेजर पोस्टिंगची मशिनं आली. ती चालवणाऱ्याला खास भत्ता होता. पहिला अर्ज कॉम्रेडने केला. आणि मशिनावर त्याचा हात असा बसला, की रिटायर होईपर्यंत अख्ख्या विभागात काही अडलं की त्यालाच फोन जायचा.

मास्तर तेव्हा जेवताना एवढंच म्हणाला होता, "भत्ता लागला की क्रांती संपते." विनोद होता. निदान मी तसं समजलो. कॉम्रेड त्या रात्री ताटावरून उठला नाही, पण पुढे पस्तीस वर्षं ते वाक्य त्याने जपून ठेवलं.

आता या गाडीत हे दोघे एकत्र कसे, तर आमच्या उद्योगामुळे. बलकवडी धरणाच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या खोऱ्यात, दोन-दोन शिक्षकांच्या छोट्या शाळा आहेत. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आहेत आणि २०१७ पासून 'दीक्षा' ॲपही आहे. परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक पुरस्कार मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनीच पेढे वाटले. पण जिथे फोनला रेंजच नाही, तिथे त्या चौकोनी ठिपक्यांचं पोरांनी करायचं काय? म्हणून आम्ही ठरवलं, की मी तिसरी-चौथीसाठी छोटे गोष्टीवजा पाठ लिहायचे, मास्तरने ते वाचायचे आणि कॉम्रेडने मेमरी कार्डावर भरून स्पीकरसकट एक पेटारा तयार करायचा. साठ पाठ ठरले.

मास्तर नाखुशीनेच आला. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ साली सुरू झाली तेव्हा तो हरखला होता आणि २०१७ साली बंद पडली तेव्हा हळहळला होता. "यंत्रं येतात, यंत्रं बंद पडतात, खडू राहतो," असं म्हणत त्याने चौतीस पाठ वाचले. पस्तिसाव्याला अडलं. करोनानंतर त्याचा दम कमी झाला आहे. लांब वाक्य मधेच तुटतं. कॉम्रेडने ते तोंडावर सांगितलं, "तुझा श्वास पाठापेक्षा मोठा ऐकू येतो." मास्तर माइक ठेवून उठला. त्यानंतर नऊ महिने दोघांचं बोलणं बंद.

इथे मी माझा पराक्रम केला. कॉम्रेड म्हणाला, उरलेले पाठ मशीनच्या आवाजात करतो, हल्ली मजकूर दिला की पाच मिनिटांत वाचून मिळतो. मी म्हटलं, कर. मास्तर म्हणाला, उरलेल्यांचं काय? मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. दोन्ही व्हाउचरं मीच पास केली आणि फरक सस्पेन्सला टाकला.

शनिवारी शाळा सकाळची. आम्ही पोचलो तेव्हा प्रार्थना आटोपली होती. एका शिक्षकांना मीटिंगला जावं लागलं होतं. एका खोलीत पहिली ते चौथी आणि एकट्या बाई. पेटारा टेबलावर ठेवला. मास्तरच्या आवाजातला पाठ लागला, पोरं ऐकत राहिली. मधेच एका मुलीने मास्तरकडे बोट दाखवलं, "बाई, हे आजोबा पेटाऱ्यात पण आहेत." मास्तर लाजला. दोन वर्षांत मी त्याला इतका खूश पाहिला नव्हता.

मग बाईंनी पुढचा कुठला तरी पाठ लावला. नेमका एक्केचाळिसावा.

चिमणीच्या चोचीतल्या चाऱ्याची गोष्ट होती. एका बाईचा गुळगुळीत आवाज म्हणाला, "चिमणीने च्योचीत च्यारा धरला." पहिल्या बाकावरचा एक मुलगा खुदकन हसला. पुढे आजी 'ज्यात्यावर' दळायला बसली आणि वर्ग खो खो हसू लागला. आमच्या वाट्याला आलेलं यंत्र बहुधा हिंदीच्या तालमीत तयार झालं असावं. कॉम्रेडने हे पाठ दीडपट वेगाने तपासले होते. मी तर ऐकलेच नव्हते. न वाचता सही! नोकरीत माझ्या हाताखालच्या माणसाने असं केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

मास्तरने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मला वाटलं, हा आता बाहेर जाणार. तो फळ्याकडे गेला. खडू घेतला, 'चिमणी' आणि 'चारा' शेजारी शेजारी लिहिले आणि पोरांना दोन्ही मोठ्याने म्हणायला लावले. "अक्षर एकच, जीभ कुठे लागते बघा." 'चंद्र' लिहिलं, 'चांदणं' लिहिलं. 'जात' हा शब्द लिहिला आणि तो दोन तऱ्हांनी म्हणून दाखवला. एक रस्त्याने जाणारी, दुसरी दाखल्यावर लिहायची. इकारापुढे, एकारापुढे बहुधा तालव्य, बाकी शब्द घराघरातून शिकायचे. वीस मिनिटं तो बोलला. वाक्यं तुटत होती, पण पोरं ती जोडून घेत होती. कॉम्रेड मागच्या भिंतीला टेकून वहीत लिहीत होता.

निघताना बाईंना विचारलं, कुठला आवाज ठेवू? आम्हाला वाटलं, निकाल लागेल. बाई म्हणाल्या, "आवाज कुठलाही चालेल, सर. पण पाठ आठ मिनिटांच्या वर नको, पहिलीची पोरं बसत नाहीत. आणि प्रश्न विचारल्यावर तुमचा पेटारा थांबतच नाही. मुलं उत्तर शोधतायत तोवर तो पुढे निघून जातो." या पेटाऱ्यामुळे तिसरी ऐकत बसते आणि त्यांना पहिलीजवळ बसता येतं, एवढंच त्यांना हवं होतं. थांबे लिहायचे राहिले होते ते माझ्याकडून. मास्तरकडून नव्हे आणि मशीनकडूनही नव्हे.

वाईला मास्तर म्हणाला, घाटावर थांबव. ढोल्या गणपतीच्या समोरच्या पायऱ्यांवर तो जाऊन बसला. कॉम्रेडने तीन चहा आणले. मास्तरने कप घेतला आणि मला म्हणाला, "मला सांगायचं होतंस. मी नाही म्हटलं नसतं. चिडलो असतो, चार दिवस फोन घेतला नसता, बस."

"म्हणजे?" कॉम्रेड चहा थांबवून म्हणाला. "याला माहीतच नव्हतं? हा मला म्हणाला, मास्तरची हरकत नाही!"

"मला म्हणाला, पुढच्या वर्षी बघू."

नऊ महिन्यांनी दोघे एकमेकांशी बोलले, आणि विषय मी होतो. पुढची दहा मिनिटं त्या दोघांनी माझ्या स्वभावाचं जे ऑडिट केलं, त्यातला एकही शेरा मला खोडता आला नाही. १९८६ सालच्या भाड्याच्या पैशांपर्यंत मागे गेले. खरंच सांगतो, तो घोळही माझाच होता.

परत निघालो तेव्हा मास्तर मागे जाऊन कॉम्रेडशेजारी बसला. मी पुढे एकटा, ड्रायव्हरसारखा. बोगद्याच्या अलीकडे मागून आवाज येऊ लागले. कॉम्रेडच्या मांडीवर वही होती.

"चाक?"

"दंततालव्य."

"चहा?"

"तालव्य."

"चिंच?"

"पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. नीट लिही, घाई करू नकोस."

बोगद्यातून बाहेर पडल्यावर मी न राहवून म्हणालो, "जिलबी?"

कोणी उत्तर दिलं नाही.