राउटर आणि शेपर: स्विच दाबण्याआधीची पाच मिनिटं

आपल्या नात्यात किंवा मोहल्ल्यात फर्निचरचं काम करणारा एक तरी माणूस असतोच. कुणी जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या बाजारासाठी कपाटं बनवतो, कुणी गावातच दरवाजे-चौकटींचं काम घेतो. या धंद्यातल्या जुन्या उस्तादांच्या हाताकडे नीट पाहिलं, तर एखाद्याचं बोट अर्धंच दिसतं. विचारलं की ते हसून सांगतात, "जरा ध्यान हटलं होतं."

ध्यान हटतंच, माणूस आहे. पण सेटिंग नीट असेल तर ध्यान हटलं तरी बोट वाचतं. सेटिंग चुकलेली असेल तर कितीही ध्यान देऊन उपयोग होत नाही. म्हणून आज आपण राउटर आणि शेपर, ज्याला अनेक कारखान्यांत स्पिंडल मोल्डर म्हणतात, ही दोन मशीनं कशी लावायची आणि कशी चालवायची ते समजून घेऊ. कारखान्यात काम करणाऱ्या भावाला, मुलाला हे जरूर वाचून दाखवा.

आधी वीज तोडा

बिट किंवा कटर बदलताना फक्त स्विच बंद करून भागत नाही. राउटरचा प्लग काढायचा, शेपरचा मेन स्विच पाडायचा. स्विचला चुकून कोपर लागलं किंवा दुसऱ्या कुणी बटण दाबलं, की पाना हातात असतानाच मशीन फिरायला लागते.

राउटर: बिट कसं बसवायचं

राउटरचं बिट ज्या चिमट्यात बसतं त्याला कोलेट म्हणतात. बिटाची दांडी आणि कोलेट एकाच मापाचं हवं: ६ मिमीला ६, ८ ला ८, १२ ला १२. पाव इंच आणि ६ मिमी दिसायला सारखे वाटतात, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही, पकड ढिली राहते.

दांडी पूर्ण आत घालायची, मग दोन-तीन मिमी बाहेर ओढायची आणि नट आवळायचा. तळाला टेकलेलं बिट नीट आवळलं जात नाही. जास्त खोल कापायचं म्हणून बिट बाहेर काढून ठेवायचं, हेही चूक. दांडीचा निदान तीन-चतुर्थांश भाग कोलेटच्या पकडीत हवाच. कोलेटमध्ये भुसा आणि चीक साचला असेल तर आधी साफ करा.

मोठं बिट, कमी स्पीड

लहान बिट मिनिटाला २४,००० फेऱ्यांवर चालतं. पण दरवाज्याच्या पॅनलसाठी लागणारं ८० मिमी व्यासाचं बिट त्याच स्पीडवर लावलं, तर त्याची धार ताशी ३६० किलोमीटरच्या वेगाने फिरते. ते बिट थरथरतं, लाकूड जाळतं, तुटूही शकतं. साधारण २५ मिमीपर्यंतच्या बिटाला पूर्ण स्पीड, ५० मिमीपर्यंत १८,०००, आणि ८० मिमीच्या आसपास १०,००० ते १२,००० ठेवायचा. बिटावर जास्तीत जास्त स्पीड कोरलेला असेल तर त्याच्या वर जायचं नाही. एवढं मोठं बिट हातात धरायच्या राउटरवर लावूच नका, ते टेबलावरच चालवायचं.

माल कुठून कुठे सरकवायचा

दोन्ही मशीनांचा नियम एकच: धार ज्या दिशेने फिरते, त्याच्या उलट दिशेने माल द्यायचा. राउटर हातात असेल आणि फळीची कड आपल्या समोर असेल, तर राउटर डावीकडून उजवीकडे न्यायचा. राउटर टेबलाखाली लावला असेल, तर माल उजवीकडून डावीकडे सरकवायचा.

धारेच्या दिशेनेच माल दिला, तर धार तो हातातून हिसकावून घेते. माल पुढे उडतो आणि त्याच्यामागून हात धारेवर जातो. बोटं जाण्याचं हे एक मोठं कारण आहे. फेन्स, म्हणजे माल टेकवून सरकवायची सरळ पट्टी, आणि बिट यांच्या मधल्या फटीतून तुकडा ढकलणंही तितकंच घातक. तो गोळीसारखा सुटतो.

शेपर: ताकद जास्त, जबाबदारी जास्त

शेपरचे फेरे राउटरपेक्षा कमी असतात, पण कटर मोठा आणि मोटर जड. शिवाय बऱ्याच शेपरची मोटर दोन्ही दिशांना फिरते. म्हणून सुरू करण्याआधी या गोष्टी पाहा:

• कटरची धार आणि मोटरची दिशा जुळते का?
• स्पिंडलच्या मापाचाच कटर आहे ना? बुश लावला असेल तर तो घट्ट बसतो का?
• वॉशर आणि नट जागेवर आहेत का? कटर हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. तो फेन्सला किंवा गार्डला कुठेही लागता कामा नये.
• सुटी पाती बसवायचा कटर असेल, तर पाती जोडीनेच बदला. एक जड, एक हलकी झाली की कटर थरथरतो. ढिली पाती सुटली तर समोरच्याच्या जिवावर बेतते.

शक्य असेल तिथे कटर मालाच्या खालून लावा. मग धार लाकडाखाली झाकलेली राहते, आणि माल जरा उचलला गेला तरी काप कमी खोल होतो, परत एकदा फिरवता येतो. फेन्सची फट कटरपुरतीच ठेवा. गार्ड काढून काम लवकर होतं, असं अनेकांना वाटतं. एका बोटाच्या ऑपरेशनला जेवढे दिवस जातात, तेवढा वेळ गार्ड काढून कुणाचा वाचलेला नाही.

एकाच फेऱ्यात पूर्ण खोली काढू नका. दोन-तीन मिमी करत पुढे जा. चारही कडांना मोल्डिंग काढायचं असेल तर आधी रुंदीकडच्या आडव्या कडा घ्या, मग लांबीच्या. आडव्या कडेला उडालेली चिपळी लांबीच्या फेऱ्यात निघून जाते. गाठ, खिळा, तडा पाहिल्याशिवाय माल मशीनवर ठेवू नका.

लहान तुकडा हातात धरू नका

फुटभरापेक्षा लहान तुकडा हाताने देऊ नये. छोटी बीडिंग हवी असेल तर मोठ्या फळीच्या कडेला मोल्डिंग काढा आणि नंतर पट्टी कापून घ्या. हे शक्य नसेल तर तुकडा फर्म्यात घट्ट पकडा आणि ढकलायला काठी वापरा. गोल कडेला फेन्स चालत नाही, तिथे टेबलावरच्या खुंटीला माल टेकवून हळूहळू कटरकडे न्यायचा.

कपडे, भुसा, कान

हातमोजे घालू नका. धार मोज्यासकट हात ओढते. सैल कुर्त्याच्या बाह्या, मफलर, अंगठी, मनगटावरचा दोरा, सगळं काढून किंवा बांधून ठेवा. चष्मा आणि कानाचे मफ घाला. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. लाकडाचा भुसा कर्करोगाला कारण ठरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. त्यामुळे रुमालाऐवजी एन-९५ मास्क लावा.

लाईट आणि रमजान

लाईट जाते तेव्हा मशीन थांबते, आणि परत आली की काही मशीनं आपोआप सुरू होतात. तोवर कुणीतरी कटर साफ करायला हात घातलेला असतो. वीज गेल्यावर स्वतः बंद होणारा स्टार्टर आणि लाल इमर्जन्सी बटण बसवून घ्या.

रमजानमध्ये ईदच्या ऑर्डरची घाई असते आणि असरनंतर शरीर थकलेलं असतं. शेपरचं काम सकाळी उरका, दुपारनंतर घासकाम आणि जोडणी ठेवा.

शिकाऊ मुलं

१४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणं आणि १८ वर्षांखालच्याला धोकादायक कामाला लावणं, १९८६ च्या बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार बंद आहे. घरचा कारखाना असला तरी मुलाला या मशीनवर उभं करू नका. त्याला आधी हातरंधा आणि माप शिकू द्या.

अपघात झालाच तर

जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबा, हात वर धरा, १०८ ला फोन करा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात टाकू नका. बोट जोडण्याची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयात लगेच न्या. असं रुग्णालय कुठे आहे, हे आजच शोधून नंबर कारखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवा.

कारागिराचे हात हीच त्याच्या घरची कमाई असते. आज कारखान्यात गेलात की एकच करा: काढून कोपऱ्यात ठेवलेला गार्ड शोधा, पुसा आणि परत मशीनवर बसवा.