दोन केबल, एक लिंक: बल्लारशाहच्या रुळांवरून समजलेलं नेटवर्किंग

मी बल्लारपुरातून बोलतोय. मागून मालगाडीचा आवाज आला तर सांभाळून घ्या, आजच्या विषयात तिचंही काम आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून. इथल्या एका कॉम्प्युटर संस्थेत मी नेटवर्क बघायचो. खाली सर्व्हर, वरच्या मजल्यावर चाळीस कॉम्प्युटर, दोन मजल्यांचे दोन साधे स्विच आणि मधे एकच केबल. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन परीक्षा होती. रात्री डोक्यात आलं, ही केबल उंदरानं कुरतडली तर? म्हणून जिन्यातून दुसरी केबल ओढली, दोन्ही टोकं दोन स्विचमध्ये लावली आणि निवांत घरी गेलो. कॉम्प्युटर सगळे बंद होते, त्यामुळे तेव्हा काही कळलंच नाही.

सकाळी अहेरीहून पहाटेच्या एसटीनं आलेली पोरं बसली, कॉम्प्युटर सुरू झाले आणि दोन मिनिटांत सगळं ठप्प. स्विचचे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. एका पोरीनं विचारलं, "काऊन सर, पेपर होईन का नाही आता?" मला घाम फुटला. शेवटी कालची केबल उपटली आणि सगळं सुरळीत झालं. पेपर पाऊण तास उशिरा सुरू झाला.

झालं काय होतं? कॉम्प्युटरला कोणाचा पत्ता शोधायचा असला की तो सगळ्यांना एकदम हाक मारतो. याला ब्रॉडकास्ट म्हणतात. स्विच ती हाक आली तो पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवतो. मधे दोन केबल असल्या की एकीवरून वर गेलेली हाक दुसरीवरून खाली येते, पुन्हा वर जाते. इथरनेटच्या फ्रेमला 'आता पुरे' सांगणारा आकडा नसतो. ती फिरतच राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि नेटवर्क गुदमरतं.

यावर रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री ही युक्ती शोधली. मॅनेज्ड स्विचमध्ये ती असते. जादा केबल ती बंद करून ठेवते. फेरा तुटतो, पण तुमची दुसरी केबल नुसती पडून राहते.

दोन्ही वापरायच्या असतील तर जुडी बांधायची, म्हणजे लिंक अ‍ॅग्रिगेशन. दोन्ही स्विचना सांगायचं की बाबांनो, या दोन केबलना एकच समजा. ही कल्पना बाजारात आणणाऱ्यांत एक कंपनी होती, तिचं नावच 'कल्पना'! विनोद भारद्वाज तिचे सहसंस्थापक. १९९४ मध्ये सिस्कोनं ती विकत घेतली, म्हणून सिस्कोवाले अजून 'इथरचॅनल' म्हणतात. सर्वांसाठीचं मानक, आयईईई ८०२.३एडी, २००० मध्ये आलं. त्यातच एलएसीपी आहे.

आता सगळ्यांचा लाडका गैरसमज: एक गिगाबिटच्या दोन केबल, म्हणजे माझी फाइल दुप्पट वेगानं येणार. नाही येणार!

आपल्या बल्लारशाह स्टेशनावर उभे राहा. इथून काजीपेटकडे तिसरी लाइन टाकायचं काम हाती घेतलं गेलं. ती झाली म्हणून तुमची गाडी जास्त जोरात धावेल का? एकाच वेळी जास्त गाड्या सुटतील, एवढंच. इंजिन एका रुळावर आणि डबे दुसऱ्यावर, असं कोणी करत नाही. स्विचही तसाच. एका संवादाच्या फ्रेम दोन केबलवर वाटल्या तर मागची आधी पोचेल आणि क्रम बिघडेल. म्हणून तो पत्त्यांवरून एक हिशेब करतो, त्याला हॅश म्हणतात, आणि तो अख्खा संवाद एकाच केबलवर ठेवतो.

यात मी पुन्हा फसलो. नंतर मॅनेज्ड स्विच घेतले, जुडी बांधली, तरी एकच केबल भरलेली आणि दुसरी रिकामी. कारण वरच्या स्विचवर हिशेब फक्त 'जायचं कुठे' यावर लावलेला होता, आणि चाळीसही कॉम्प्युटरना जायचं होतं एकाच सर्व्हरकडे! 'निघालं कुठून' हेही धरल्यावर वाटणी झाली. शिवाय सर्व्हर स्वतः एकाच केबलवर लटकलेला. वर जिन्यात दोन पदरी रस्ता, खाली दाराशी एकच. सर्व्हरलाही दोन केबल दिल्या, लिनक्समध्ये याला बाँडिंग म्हणतात.

जुडी दोन प्रकारे बांधता येते. एक स्टॅटिक: तुम्ही म्हणालात म्हणून जुडी. दुसरी एलएसीपीची: दोन्ही स्विच एकमेकांना ठरावीक वेळानं 'आहेस का?' विचारतात, सावकाश म्हणजे ३० सेकंदांनी, किंवा घाईत दर सेकंदाला. तीन वेळा उत्तर नाही आलं की ती केबल जुडीबाहेर. फायबर आणि मधे कन्व्हर्टर असेल तर हे फार मोलाचं, कारण मधली फायबर तुटली तरी स्विचवरचा दिवा हिरवाच राहू शकतो. स्टॅटिक जुडी त्या दिव्यावर विश्वास ठेवून अर्धी वाहतूक खड्ड्यात टाकत राहते. मी तर एलएसीपीच लावा म्हणेन. फक्त किमान एक बाजू 'अ‍ॅक्टिव्ह' हवी. दोन्ही 'पॅसिव्ह' ठेवल्या तर दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. केबलचा वेगही सारखाच हवा.

पुढच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी वर एक मोठी फाइल कॉपीला लावली आणि जिन्यातली एक केबल हातानं उपटली. कॉपीची पट्टी क्षणभर अडखळली, पुन्हा सरकली. मग ती लावून दुसरी उपटली. पट्टी चालूच होती. दोन्ही जागेवर लावल्या, कुलूप लावलं आणि घरी गेलो.