जीपीएसच्या साहाय्याने ठेवा-शोध : पाचोरा तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
पृथ्वीवरील कोणत्याही बिंदूचे स्थान उपग्रहांच्या साहाय्याने निश्चित करणारी जीपीएस यंत्रणा आज सर्वसामान्यांच्या भ्रमणध्वनीत उपलब्ध आहे. या यंत्रणेच्या आधारे मोकळ्या जागेत लपविलेली पेटी शोधून काढण्याच्या छंदास 'जिओकॅशिंग' असे म्हणतात. मराठीत त्यास 'ठेवा-शोध' म्हणता येईल. प्रस्तुत लेखात या छंदाचा उगम, त्यामागील शास्त्र व नियम यांचे विवेचन करून पाचोरा तालुक्यात तो कोणत्या स्वरूपात राबविणे इष्ट ठरेल, याचा विचार केला आहे.

उगम व स्वरूप :
नागरी वापराच्या जीपीएस संदेशात हेतुपुरस्सर मिसळली जाणारी त्रुटी अमेरिकी शासनाने मे २००० च्या प्रारंभी काढून टाकली. तोपर्यंत सुमारे १०० मीटरपर्यंत चुकणारे स्थान त्यामुळे १० ते २० मीटरच्या आत मिळू लागले. या अचूकतेची परीक्षा घेण्यासाठी डेव्ह अल्मर यांनी ३ मे २००० रोजी ऑरेगन राज्यात पोर्टलँडजवळ एक बादली अर्धवट पुरून ठेवली व तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधणाऱ्याने आतील एखादी वस्तू घ्यावी, बदल्यात दुसरी ठेवावी आणि सोबतच्या वहीत नोंद करावी, ही प्रथा तेथूनच रूढ झाली.

स्थाननिश्चितीचे शास्त्र :
जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र आपले स्थान काढते. वेळेत एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तरी अंतरात सुमारे ३०० मीटरचा फरक पडतो.

पाचोऱ्याच्या अक्षांशावर एक मिनिट अक्षांश म्हणजे सुमारे १.८४ किलोमीटर, तर एक मिनिट रेखांश म्हणजे सुमारे १.७४ किलोमीटर होय. येथे लेखनपद्धतीचे भान आवश्यक आहे. पाचोरा २०.६७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजेच २० अंश ४०.२ मिनिटांवर आहे. हाच आकडा कोणी २०.४०२ अंश असा वाचला, तर शोधक सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेस, अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे जाईल.

मोकळ्या आकाशाखाली भ्रमणध्वनीची अचूकता साधारणतः ५ मीटर असते. ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस मीटर भरते. दाट झाडी, उंच भिंती वा कडे जवळ असल्यास हे वर्तुळ आणखी वाढते. सारांश, यंत्र शोधकास केवळ वर्तुळापर्यंत नेते. त्यापुढील शोध डोळसपणे व परिसराच्या जाणिवेनेच करावा लागतो.

लपविण्याचे नियम व स्थानिक वास्तव :
पेटी जलरोधक असावी, तीत खाद्यपदार्थ ठेवू नयेत, जागामालकाची परवानगी घ्यावी आणि जमीन खणून पेटी पुरू नये, हे या छंदाचे प्रमुख नियम आहेत. पहिली बादली अर्धवट पुरलेली असली, तरी पुढे खोदकाम वर्ज्य ठरले. आपल्या भागात या नियमास विशेष महत्त्व आहे. रानात खोदकाम करणाऱ्याविषयी गुप्तधनाचा संशय सहज निर्माण होतो. गुप्तधनाच्या हव्यासापायी होणाऱ्या अघोरी कृत्यांना महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने प्रतिबंध केला आहे. शिवाय १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमान्वये जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे.

पाचोरा हे मध्य रेल्वेच्या मुंबई-भुसावळ मार्गावरील स्थानक आहे. जेथे बेवारस वस्तूस हात न लावण्याची सूचना प्रवाशांना दिली जाते, तेथे लपविलेली पेटी घबराटीस कारण ठरेल. अभयारण्यात व संरक्षित स्मारकांतही पेटी ठेवणे अनुचित होय. एप्रिल १८१९ मध्ये अजिंठ्याच्या लेण्यांत पोहोचलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील चित्रित खांबावर आपले नाव व तारीख कोरली. 'मी येथे आलो होतो' हे सांगण्याच्या ओढीने त्या चित्राची कायमची हानी झाली. ठेवा-शोधातील वही ही त्याच ओढीस दिलेली निरुपद्रवी वाट आहे.

पेटीविना शोध :
या सर्व अडचणींवर एक उपाय उपलब्ध आहे. २००४ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या सहकार्याने 'अर्थकॅश' हा प्रकार सुरू झाला. यात पेटी नसते. दिलेल्या स्थानी जाऊन तेथील भूरूपाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे शोधावयाची असतात. खानदेशाच्या दक्षिण सीमेवरील अजिंठ्याची रांग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेली आहे. या थरांची जाडी किती, त्यांतील वायुपोकळ्या कोठे अधिक आहेत, हिवरा नदीच्या काठावरील काळ्या मातीला उन्हाळ्यात किती खोल भेगा पडतात, असे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतील. सर्व स्थाने सार्वजनिक व सुरक्षित वाटेवरची असावीत आणि पावसाळ्यात नदीपात्रातील स्थाने वगळावीत.

निष्कर्ष :
ठेवा-शोध हा अक्षांश-रेखांशांचा प्रत्यक्ष सराव देणारा उपक्रम आहे. तथापि जमीन, वने, स्मारके व जनभावना यांचा विचार न करता तो जसाच्या तसा उचलणे योग्य नाही. महाविद्यालयीन भूगोलाच्या क्षेत्रभेटीत पेटीविना शोधाचा अंतर्भाव केल्यास खर्च अत्यल्प येईल, परिसरास इजा होणार नाही आणि आपल्या तालुक्याची भूमी हाच खरा ठेवा आहे, याची जाणीव विद्यार्थ्यांत दृढ होईल.