तबकडीत टिकलेले ‘मत्स्यगंधा’

नाशिकच्या एचपीटी महाविद्यालयात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवलेल्या वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ 1964 साली रंगमंचावर आले. गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती होती. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ दोनच वर्षांपूर्वी आले होते आणि गद्य नाटककार म्हणून कानेटकरांचे नाव महाराष्ट्रभर झाले होते. असा लेखक संगीत नाटकाकडे वळला आणि त्याच्या पदांना चाली दिल्या त्या प्रथमच नाटकाला संगीत देणाऱ्या जितेंद्र अभिषेकींनी. आज ते नाटक पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत पाहिलेला माणूस शोधावा लागतो. ‘गुंतता हृदय हे’ किंवा ‘साद देती हिमशिखरे’ न ऐकलेला मराठी श्रोता शोधायला मात्र त्याहून जास्त पायपीट करावी लागेल.

नाटक विस्मरणात जाते आणि त्याची तबकडी घरोघर वाजत राहते, हे एकट्या मराठीचे नशीब नाही. त्याचे फार बोलके उदाहरण इटलीत आहे. आल्बेर्तो फ्रांकेत्ती या संगीतकाराचा ‘जर्मानिया’ हा ऑपेरा 11 मार्च 1902 रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात प्रथम सादर झाला. संहिता लुईजी इल्लिकाची, वाद्यवृंदाचे संचालन तोस्कानिनीचे आणि नेपोलियनच्या काळातील जर्मन विद्यार्थी क्रांतिकारकाच्या भूमिकेत एन्रिको कारूसो. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग तेव्हा मिलानमध्ये होता. कारूसोने दहा गाण्यांचे शंभर पौंड मागितले. एवढी रक्कम द्यायला लंडनच्या कचेरीने नकार दिला, तरी गेसबर्गने ध्वनिमुद्रण केलेच. महिन्याभरानंतर, 11 एप्रिलला, ग्रँड हॉटेलच्या एका खोलीत कर्ण्यासमोर उभे राहून, फक्त पियानोच्या साथीवर कारूसोने ती दहा गाणी गायली. त्यांतली दोन ‘जर्मानिया’ची होती.

फ्रांकेत्ती ज्यू होता. 1938 च्या वंशभेदी कायद्यांनंतर फासिस्ट इटलीत त्याच्या कृती रंगमंचावरून हटवल्या गेल्या. बर्लिनच्या डॉइच ऑपेराने 2006 मध्ये ‘जर्मानिया’ पुन्हा उभे केले. मधल्या लांबलचक काळात हे नाव बहुतेकांच्या कानावर पडले असेल तर ते कारूसोच्या त्या दोन गाण्यांमुळेच. त्या जुन्या मुद्रणात खरखर आहे आणि पियानो लांबून आल्यासारखा वाटतो. पण मागे वाद्यवृंदाची भिंत नसल्याने गाणाऱ्याचा श्वास, शब्दावर टाकलेला भार, वरचा स्वर लावण्याआधीची तयारी हे सारे उघडे पडते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हाच गेसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचे गाणे मुद्रित केले. भारतीय संगीत आणि इटालियन ऑपेरा हे एकाच वर्षी, एकाच माणसाच्या कर्ण्यातून मेणावर उतरले.

त्या कर्ण्याने आपल्या गाण्याला मोठी काटछाट सोसायला लावली. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. ज्या नाट्यपदाला रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत घेत पाव-पाव तास रंग चढे, त्याचा सांगाडाच तबकडीवर उतरे. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकताना हे ध्यानात ठेवावे लागते. आपल्या हाती येतो तो नमुना, मैफल नव्हे.

‘मत्स्यगंधा’च्या तबकड्यांचे मोल मला इथेच वेगळे वाटते. अभिषेकींनी रंगमंचावरचे पदच आटोपशीर केले. मंगेशीच्या देवळाच्या परिसरात, कीर्तनकार वडिलांच्या घरात वाढलेल्या या माणसाने जगन्नाथबुवा पुरोहित आणि अझमत हुसेन खाँ यांच्याकडे तालीम घेतली होती, आकाशवाणीवर नोकरी केली होती. राग किती मोठा असतो हे त्यांना ठाऊक होते आणि ध्वनिक्षेपकासमोर किती थोडक्यात बोलावे लागते हेही. म्हणून त्यांच्या चालीत राग आहे, पण रागाचा विस्तार करत नाटक थांबवून ठेवणे नाही. प्रसंग जेवढा मागेल तेवढेच गाणे. त्यामुळे तबकडीवर आलेले पद आणि नाट्यगृहात ऐकू येणारे पद यांतले अंतर पूर्वीच्या मानाने बरेच कमी झाले. या तबकड्यांना मी त्या नाटकाचा विश्वासू साक्षीदार मानतो तो याच कारणाने.

पण साक्षीदाराला प्रश्न नीट विचारावे लागतात. रामदास कामत यांनी गायलेली पराशराची चार पदे बहुतेकांनी सुटी सुटी ऐकलेली असतात. कधी रेडिओवर, कधी एखाद्या स्पर्धेत. ती एका बैठकीत, अर्थाच्या क्रमाने लावून ऐका. आधी ‘गुंतता हृदय हे’, मग ‘नको विसरू संकेत मीलनाचा’, त्यानंतर ‘साद देती हिमशिखरे’ आणि शेवटी ‘देवाघरचे ज्ञात कुणाला’. आयुष्यभर तप केलेला एक ऋषी यमुनेवरच्या कोळ्याच्या मुलीत, सत्यवतीत गुंततो, तिला शब्द देतो, मग हिमालयाच्या ओढीने निघून जातो आणि अखेर दैवाचा हिशोब मांडत बसतो. महाभारतात ही कथा थोडक्यात उरकली आहे. कानेटकरांनी त्या थोडक्या जागेत एक माणूस उभा केला आणि त्या माणसाचा आतला प्रवास या चार गाण्यांत जवळजवळ पूर्ण सापडतो.

गोव्यातल्या साखळीच्या या गायकाचा आवाज मुळातच उंच आणि निकोप. पहिल्या पदात हा ऋषी शरण आलेला आहे. कामत शब्द हलक्या हाताने ठेवतात, तानेची घाई करत नाहीत. ‘साद देती’ला आले की तोच आवाज ताठ होतो, वरच्या सप्तकात निःशंक उभा राहतो. ही नुसती गळ्याची तयारी नव्हे. प्रेमात असताना ज्याला शब्द जपून वापरावे लागत होते, त्याला पर्वताची हाक आल्यावर मोकळे वाटते आहे. सत्यवतीचा घात होतो तो याच मोकळेपणात. हे संवादातून सांगायला नाटककाराला एक प्रवेश लागला असता. इथे ते आवाजाच्या पट्टीतून कळते.

सत्यवतीची बाजू आशालता वाबगावकरांच्या गाण्यात आहे. त्यांच्या गळ्यावर मोठ्या बैठकीचे ओझे नाही आणि अभिषेकींनी ते लादलेही नाही. ‘अर्थशून्य भासे’ हे पद आशालताबाई भावगीताच्या इतक्या जवळ नेतात की राणीपद, राजवाडा, वंशाची चिंता सगळे गळून पडते आणि एक थकलेली बाई उरते. ‘गर्द सभोवती’ची गोष्ट तर आपल्या प्रदेशाला आणखी जवळची. ती मूळ कविता बालकवींची, म्हणजे शेजारच्या खानदेशातल्या धरणगावच्या कवीची. 1918 साली गेलेल्या कवीचे शब्द जवळपास अर्धशतकानंतर महाभारतातल्या नदीकाठी बसवायचे, हे धाडस होते. ते इतके बेमालूम जमले की पुष्कळांना ती कविता नाटकासाठीच लिहिलेली वाटते. आशालताबाईंनी पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकालाही हेच नाव दिले.

नाशिकचा वाटा एवढ्यावर संपत नाही. दोनच वर्षांनी, 1966 मध्ये, याच शहरातल्या वि. वा. शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ आले. संगीत पुन्हा अभिषेकींचे. त्यातले ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ चारुकेशीत आहे. कर्नाटक पद्धतीतून आलेला तो राग मराठी घरात पोहोचवण्याचे फार मोठे श्रेय या एका पदाला जाते. ‘सर्वात्मका सर्वेश्वरा’ची भैरवी तर आज नाटकाचे नावही माहीत नसलेले लोक प्रार्थना म्हणून गातात. त्याच वर्षी कानेटकरांचे ‘लेकुरे उदंड जाली’ही आले. श्रीकांत मोघे संवाद बोलता बोलता गाऊ लागत आणि बोलणे कुठे संपले, गाणे कुठे सुरू झाले, हे प्रेक्षकाला कळत नसे. ऑपेराच्या सगळ्यात जवळ जाणारे मराठी नाटक निवडायचे तर मी हेच निवडीन. तीनही नाटके अवघ्या दोन वर्षांतली, नाशिकच्याच दोन लेखकांची, एकाच संगीतकाराची. संगीत नाटक संपले असे म्हटले जात होते त्या काळात त्याला नवा श्वास मिळाला, आणि त्याचे शब्द गोदाकाठी लिहिले गेले. या शहरात त्याची पुरेशी आठवण ठेवली गेलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारूसोच्या दोन गाण्यांनी ‘जर्मानिया’चे नाव तेवढे जिवंत ठेवले, ऑपेरा परत आला तो एका नाट्यगृहाने संगीताच्या वह्या काढून तालमी केल्या तेव्हा. आपल्याकडेही तसेच व्हायला हवे. छापील संहिता ग्रंथालयांत मिळते. जुन्या तबकड्या अजून अनेक घरांच्या माळ्यावर आहेत, तेव्हा नाट्यगृहात बसून ऐकलेले वृद्ध रसिकही आहेत. सार्वजनिक वाचनालयाच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात किंवा कालिदास कलामंदिरात ‘मत्स्यगंधा’चे संपूर्ण अभिवाचन करावे आणि प्रत्येक पदाच्या जागी मूळ ध्वनिमुद्रण लावावे. खर्च थोडा, तयारी महिन्याभराची. कुणाच्या घरी त्या नाटकाच्या तबकड्या, जाहिराती, तिकिटे किंवा नुसत्या आठवणी असतील, तर त्या रद्दीत जाण्याआधी जवळच्या ग्रंथालयाकडे द्या आणि सोबत कोणी, कधी, कुठल्या प्रयोगानंतर घेतल्या ते एका कागदावर लिहून ठेवा.