हिरड्यांचा विकार : उपचारानंतरची दक्षता

दात दुखू लागला म्हणजे मनुष्य दवाखान्याची वाट धरतो. हिरडी मात्र सहसा दुखत नाही. ती सुजते, लालसर होते, दात घासताना रक्त येते, तोंडाला दुर्गंधी येते. आणि हे सारे वयोमानाने होतच असते अशी समजूत करून घेण्यात वर्षे निघून जातात. लोकभाषेत ज्याला पायोरिया म्हणतात तो हाच विकार. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांतील रुग्ण आता शासकीय रुग्णालयाच्या दंत विभागात किंवा खाजगी दवाखान्यात जाऊन त्यावर उपचार करून घेतात. तथापि दात साफ करून घेतले, रक्त थांबले, की रोग गेला असे मानले जाते. खरी अडचण येथूनच सुरू होते. दोन-तीन वर्षांत तेच दात पुन्हा हलू लागतात आणि अखेर काढावे लागतात.

हा रोग आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत दंतमुळांच्या रोगांचे स्वतंत्र वर्णन असून त्यांत शीताद, दंतवेष्ट अशी नावे आढळतात. दातांवर, विशेषतः हिरडीच्या कडेला, जिवाणूंचा एक चिकट व मऊ थर सतत साचत असतो. तो वेळीच निघाला नाही तर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांतच कठीण होऊ लागतो. त्यालाच आपण किटण म्हणतो. या थरामुळे आधी केवळ हिरडी सुजते, आणि या अवस्थेत रोग पूर्णपणे बरा होतो. पुढे मात्र दात व हिरडी यांच्यामध्ये खोल फट पडते, थर तिच्यात खाली उतरतो आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. झिजलेले हाड सामान्यतः आपोआप भरून येत नाही. उपचाराने झीज थांबते. गेलेले बहुधा परत मिळत नाही. म्हणूनच ज्याला एकदा हा विकार जडला, त्याला मधुमेहाच्या रुग्णाप्रमाणे जन्मभर दक्षता बाळगावी लागते.

जिवाणूंचा थर परत किती लवकर आपले काम सुरू करतो, याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. हेराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेला हा प्रयोग १९६५ साली प्रकाशित झाला. निरोगी हिरड्यांच्या बारा व्यक्तींना दात घासणे बंद करण्यास सांगण्यात आले. दहा ते एकवीस दिवसांत साऱ्यांच्याच हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू करताच सुमारे आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. याच संशोधकांनी पुढे श्रीलंकेतील चहामळ्यांतील ४८० मजुरांची १९७० पासून पंधरा वर्षे पाहणी केली. या मजुरांना दंतोपचार कधी मिळालेला नव्हता. शेकडा ८ जणांत रोग झपाट्याने वाढला, ८१ जणांत मध्यम गतीने, आणि ११ जणांत हिरडीच्या सुजेपलीकडे तो गेलाच नाही. एकाच गावात, एकाच पाण्यावर वाढलेल्या दोन भावांपैकी एकाचे दात साठीतही शाबूत आणि दुसऱ्याचे चाळिशीतच हलणारे का, याचे काहीसे उत्तर यात आहे. परंतु उपचारानंतरच्या काळाविषयी सर्वांत बोलका दाखला स्वीडनमधील आहे. ॲक्सेलसन व लिंडे यांनी १९८१ साली मांडलेल्या निष्कर्षांनुसार, उपचार झालेल्या ९० रुग्णांपैकी ज्यांना दर दोन-तीन महिन्यांनी बोलावून दात साफ केले जात होते, त्यांची स्थिती सहा वर्षांनीही टिकून होती. ज्यांना अशी नियमित देखभाल मिळाली नाही, त्यांच्यात रोग परतला. सर्वांवर मूळ उपचार मात्र सारखाच झालेला होता.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे, कारण तो सुशिक्षितांतही आढळतो. ‘दात साफ केले की ढिले होतात’ असे पुष्कळजण सांगतात. वस्तुस्थिती अशी की, वर्षानुवर्षे साचलेले किटण हलणाऱ्या दातांना सिमेंटप्रमाणे एकमेकांशी जखडून ठेवते. ते निघाले म्हणजे दातांची खरी अवस्था उघडी पडते. सूज उतरल्याने हिरडी आक्रसते, दात लांब दिसतात, मध्ये फटी जाणवतात आणि काही आठवडे थंड पाणी झोंबते. हे रुग्णाला आधी सांगितले नाही तर तो परत येत नाही, आणि गावात जाऊन चार जणांना परावृत्त करतो.

घरची सफाई हा या दक्षतेचा पाया होय. मऊ केसांचा ब्रश हिरडीच्या कडेवर तिरपा टेकवून, जोर न देता, दोन मिनिटे फिरवावा. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी. दोन्हींपैकी एकच वेळ साधत असेल तर रात्रीची सोडू नये. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून तिचा कुंचला केला तर ती निरुपयोगी नाही. पण दातांच्या आतल्या बाजूस व मागच्या दाढांना ती पोहोचत नाही, आणि रोग बहुधा तेथेच परततो. राख, कोळसा, विटेची पूड यांनी दात झिजतात. उपचारानंतर ज्या फटी पडतात, त्यांत साधा ब्रश शिरत नाही. तेथे दातांमधल्या फटींसाठी मिळणारा बारीक ब्रश रोज एकदा फिरवणे अगत्याचे आहे. त्याचा आकार दंतवैद्याकडून ठरवून घ्यावा. सुई किंवा सेफ्टी पिन कदापि वापरू नये. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी बरे वाटते, परंतु गुळणीने थर निघत नाही. औषधी गुळणीचेही तसेच. क्लोरहेक्सिडिनसारखे द्रव्य सांगितलेल्या मुदतीपुरतेच वापरावे, अन्यथा दातांवर डाग पडतात.

यापुढचा विषय मात्र दवाखान्याबाहेरचा आहे. वऱ्हाडात अनेक स्त्रिया मिसरीने, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीने, दात घासतात. घासणाऱ्या व्यक्तीच्या लेखी ही स्वच्छताच असते, आणि म्हणूनच ती सुटणे कठीण जाते. पुरुषांत खर्रा आहे. सुपारी, तंबाखू व चुना यांचा तो घोटलेला गोळा गालाच्या ज्या बाजूस धरला जातो, तेथील हिरडी मुळापर्यंत उतरत जाते. बिडी-सिगारेटने हिरडीतील रक्तपुरवठा मंदावतो. त्यामुळे रक्त येत नाही, जखम भरत नाही, आणि रोग वाढत असताना बरे असल्याचा भास होतो. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, परंतु हिरडीला नाव बदलून आलेल्या पुडीतला फरक कळत नाही. तंबाखू चालू ठेवून केलेला उपचार फार काळ टिकत नाही, हे रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगणे हेच हिताचे. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.

मधुमेह असल्यास रक्तातील साखर आटोक्यात ठेवावी; साखर वाढली की हिरडी बिघडते आणि हिरडी बिघडली की साखर आवरणे अवघड होते.

दंतवैद्याकडे पुन्हा केव्हा जावे? साफ केलेल्या खोल फटींत उपद्रवी जिवाणू साधारण दोन-तीन महिन्यांत परत बस्तान बसवतात. म्हणून पहिले वर्ष-दोन वर्षे दर तीन महिन्यांनी तपासणी सांगितली जाते. पुढे हे अंतर वैद्याच्या सल्ल्याने वाढवता येते. शेतकऱ्याला दिलेली तारीख सोयाबीनच्या काढणीत पडली तर ती चुकणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याऐवजी पेरणीपूर्वी मे महिन्यात, पोळ्याच्या सुमारास, दिवाळीनंतर आणि शिवरात्रीच्या आसपास अशा चार वेळा नेमून दिल्या, तर हंगामही सांभाळतो आणि तीन महिन्यांचे अंतरही.

ग्रामपंचायतीस यात खर्चाचे असे फारसे काही नाही. उपचार घेतलेल्यांच्या पुढील तारखा आशा कार्यकर्तीच्या वहीत नोंदवून घेणे आणि एकाच दिवशी तारखा असलेल्यांनी मिळून एका वाहनाने तालुक्याला जाणे, एवढ्याने पुष्कळ काम होते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. त्याची अंमलबजावणी मुख्याध्यापक व सरपंच यांनी मिळून पाहावी. मिसरीचा विषय शिक्षिकांनी मुलींच्या मातांजवळ काढला तर तो जितका ऐकला जाईल, तितका भित्तिपत्रकावरून खचित ऐकला जाणार नाही. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेसारख्या ठिकाणी, जेथे तांड्यातांड्यांवरची कुटुंबे एकत्र येतात, बंजारा बोलीतून ही माहिती देता येईल.

नेमलेल्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात जावे अशी काही लक्षणे आहेत. थांबलेले रक्त पुन्हा दिसणे, हिरडीतून पू येणे, एखादा दात पूर्वीपेक्षा अधिक हलणे किंवा जागेवरून सरकणे, आणि घास चावताना दात उंच लागणे ही ती होत. अशा वेळी जुना केसपेपर सोबत न्यावा. त्यावर प्रत्येक दाताजवळच्या फटीची खोली नोंदविलेली असल्यास रोग कोठे परतला हे वैद्यास लगेच कळते.